दुखण्याचे डॉक्टर आणि त्यांची पहिली पाच वर्षं

गेल्या महिन्यात एक तरुण डॉक्टर घरी आला. मिरजेला एमडी ॲनेस्थेशिया झालेला, सरकारी सेवेच्या बाँडचं वर्ष नुकतंच संपवलेला. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "सर, पेनची फेलोशिप करून जयसिंगपुरात क्लिनिक टाकलं तर चालेल का?"

मी जवळजवळ तीस वर्षं या भागात भूल देतोय. सकाळी एका गल्लीत सिझेरियन, दुपारी दुसऱ्या गल्लीत हर्निया, रात्री फोन आला की इचलकरंजी. क्लिनिक चालेल, याबद्दल मला शंका नव्हती. ते कशावर चालेल, या विचारानं मात्र त्या रात्री मला झोप लागली नाही.

वेदनाशास्त्र, म्हणजे त्या पोराच्या भाषेत 'पेन', ही आपल्याकडे अजून नवी वाट आहे. तिच्यावर चालणारे बहुतेक जण भूलतज्ज्ञ असतात, आणि त्यामागची कारणं समजून घ्यायला हवीत. भूलतज्ज्ञाला स्वतःचा पेशंट नसतो. पेशंट सर्जनचा, हॉस्पिटल सर्जनचं, पाटीवर नाव सर्जनचं. आपण केसगणिक पैसे घेऊन दुसऱ्या केसला पळायचं. शुद्धीवर आलेल्या माणसाला आपला चेहराही आठवत नाही. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, नीट-पीजीच्या तयारीचं एखादं वर्ष, एमडीची तीन, बाँडचं एक. पोरगं तिशीला टेकलेलं असतं, लग्न झालेलं असतं, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असतं. अशा वेळी आपली ओपीडी असावी, कुणीतरी आपलं नाव विचारत यावं, असं त्याला वाटलं तर त्यात गैर काही नाही. मलाही वाटलं होतं. माझ्या काळात ही वाट नव्हती, एवढाच फरक.

शिवाय या भागात गरजही खोटी नाही. शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं हे जयसिंगपूर. त्याच्या सरळ, नंबर घातलेल्या गल्ल्यांतून फिरलात तर दर दोन-चार घरांआड एखादी कंबर धरून चालणारी बाई दिसेल. भोवती शिरोळ तालुक्याचा ऊस, पलीकडे इचलकरंजीचे यंत्रमाग. बारा-बारा तास मागावर उभा राहणारा कामगार, वाकून कांडी भरणारी त्याची बायको, हंगामात कोपी टाकून राहणारी ऊसतोडणीची जोडपी, आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या बाया. जगात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना पाठदुखी होती असा अंदाज आहे. माणसाला जिवंत ठेवून निकामी करणाऱ्या कारणांत ती पहिल्या क्रमांकावर आहे. आपल्याकडे या दुखण्याला कुणी वाली नाही. हाडवाल्या डॉक्टरांकडे पन्नास पेशंट बाहेर बसलेले असतात. ते एक्सरे बघतात, गोळ्या लिहून देतात, पट्टा सांगतात. पेशंट घरी येऊन सांगतो, "मणक्यात गॅप पडलाय." एवढं ज्ञान घेऊन तो पुढची दहा वर्षं जगतो.

ही जागा रिकामी आहे आणि तिथं डॉक्टर यायलाच हवा. माझी भीती त्याच्या येण्याची नाही. पहिल्या पाच वर्षांत त्याचं काय होतं, याची आहे.

आमचा एमडीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्यातला बहुतेक काळ ऑपरेशन थिएटरात आणि आयसीयूत जातो. पेन क्लिनिकची पोस्टिंग असलीच तर थोडक्यात उरकते. पुढे शिकायचं तर वाटा अनेक आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या. कुठे वर्षभराची फेलोशिप, कुठे काही महिन्यांची, कुठे शनिवार-रविवारची मृतदेहावर सुई टोचायला शिकवणारी कार्यशाळा. कोलकात्यात कामगार विमा योजनेची पेन मॅनेजमेंटची स्वतंत्र संस्था आहे, तिथं गरीब कामगार पेशंटवर शिकायला मिळतं. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये २०१२ पासून पॅलिएटिव्ह मेडिसिनची एमडी आहे. पण सगळ्यांना तिथं जागा मिळत नाही. भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्र वर्षभराचं की दोन दिवसांचं, हे समोरच्या पेशंटला कळायला मार्ग नाही. पाटीवर दोघेही 'पेन स्पेशालिस्ट'च.

या सगळ्या वाटांवर एक गोष्ट मात्र सारखी शिकवली जाते, ती म्हणजे सुई. सी-आर्म या एक्सरे यंत्राखाली मणक्याचा सांधा कसा गाठायचा, नसेच्या मुळाशी औषध कसं सोडायचं, रेडिओफ्रिक्वेन्सीनं मज्जातंतू कसा भाजायचा. हे कसब आहे आणि अवघड कसब आहे, त्याला मी कमी लेखत नाही. स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं तळमळणाऱ्या माणसाला पोटातल्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर दिलेलं एक इंजेक्शन शेवटचे महिने शांततेत काढू देतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चेहऱ्यावर वीज चमकल्यासारख्या कळा येणाऱ्या म्हाताऱ्याला सुईनं पुन्हा जेवता येतं. प्रश्न असा आहे की एखाद्या डॉक्टरला एकच हत्यार नीट चालवता येत असेल, आणि ते उचलल्यावरच पैसे मिळत असतील, तर तो ते कुणाकुणावर उचलेल?

पैशाचं गणित त्या पोराला मी कागदावर मांडून दाखवलं. सी-आर्म लाखांत. आरएफचं मशीन लाखांत. एक्सरेच्या किरणांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी. थिएटर स्वतःचं नसेल तर दुसऱ्याच्या हॉस्पिटलला भाडं. बँकेचा हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो. आणि पेशंट पाठवणार कोण? तेच हाडवाले, तेच जनरल प्रॅक्टिशनर. पाठवताना त्यांच्या मनात दोन गोष्टी असतात: हा माझा पेशंट पळवील का, आणि यातून मला काय मिळेल. महाराष्ट्रात 'कट' हा शब्द डॉक्टरांच्या संदर्भात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २०१७ साली त्यावर कायदा करायचा म्हणून निवृत्त पोलिस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीनं मसुदाही तयार केला. कायदा काही झाला नाही. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून या धंद्याचं जे चित्र मांडलं, ते वाचताना मला एकही पान अनोळखी वाटलं नाही. मला स्वतःला एकदा एका हॉस्पिटलनं सरळ सांगितलं होतं की बिलात तुमची रक्कम वाढवून लावतो, वरचे परत द्या. मी नकार दिला, तिथले कॉल बंद झाले. माझं निभावलं, कारण माझ्यावर मशीनचं कर्ज नव्हतं.

तपासायला पाऊण तास घेतला, झोप कशी लागते विचारलं, कामाची पद्धत समजून घेतली, व्यायाम करून दाखवला, तर फी मिळणार तीनशे-चारशे रुपये. तोच पेशंट टेबलावर घेतला तर हजारांत. आपल्या विमा योजनाही बहुतांश तशाच. माणूस भरती झाला, काही 'प्रोसिजर' झाली, तर पॅकेज मिळतं. बोलण्याला, समजावण्याला, पुन्हा बोलावण्याला पॅकेज नाही. चांगल्या घरातला, चांगल्या मनाचा मुलगा या रचनेत पाच वर्षं राहिला तर तो बदलतो. कुणी त्याला बिघडवत नाही. हप्त्याच्या तारखा ते काम गुपचूप करतात.

या मार्गानं जाणाऱ्यांचं काय झालं, हे अमेरिकेकडे बघून कळतं. आणि तिथली सुरुवात किती वेगळी होती, हेही सांगायला हवं, कारण ती गोष्ट कोल्हापूरकराला आपली वाटेल. वेदनाशास्त्राचा पाया घालणारा जॉन बोनिका हा पैलवान होता. १९१७ साली इटलीतल्या एका छोट्या बेटावर जन्मला, लहानपणी अमेरिकेत गेला, वडील लवकर वारले. वैद्यकीय शिक्षणाचे पैसे त्यानं कुस्त्या मारून उभे केले. जत्रेतल्या फडातही लढला, तोंडावर मुखवटा बांधूनही लढला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी इस्पितळात भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना त्याला दिसलं की जखमी सैनिकाचं दुखणं एकट्या डॉक्टरला उलगडत नाही. तो सर्जनला, मेंदूतज्ज्ञाला, मानसोपचारतज्ज्ञाला एका टेबलाभोवती बसवू लागला. १९५३ साली त्याचा वेदनेवरचा प्रचंड ग्रंथ आला. १९७३ साली त्यानं बोलावलेल्या बैठकीतून वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. आखाड्यात मोडलेल्या अंगाचं दुखणं त्याला स्वतःला आयुष्यभर पुरलं. सुई त्याच्या हातात होतीच, नसा बधिर करण्यात तो उस्ताद होता. तरी त्याचा आग्रह होता तो टेबलाभोवती बसण्याचा.

त्या टेबलाचं पुढे काय झालं? अमेरिकेत एकेकाळी शेकड्यांनी असलेली अशी एकत्रित केंद्रं विमा कंपन्यांनी पैसे द्यायचं कमी केल्यावर मोजकीच उरली. सुईला पैसे मिळत राहिले. गोळीलाही. १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन बाजारात आली आणि दुखण्यावर अफूवर्गीय औषधं मुक्तहस्तानं दिली जाऊ लागली. त्यातून व्यसनाची आणि मृत्यूंची जी लाट आली ती अजून ओसरलेली नाही. औषध कंपन्यांशी हातमिळवणी केल्याच्या आरोपांवरून खटले उभे राहिले आणि त्यांच्या ओझ्याखाली अमेरिकन पेन सोसायटी ही डॉक्टरांची संघटना २०१९ साली दिवाळखोरीत जाऊन बंद पडली. वेदनेवर काम करणाऱ्यांची संघटना, विश्वास संपल्यामुळे संपली. २०१२ सालची गोष्ट तर सुई धरणाऱ्या प्रत्येकानं पाठ करावी अशी. मॅसॅच्युसेट्समधल्या एका औषध बनवणाऱ्या फार्मसीच्या दूषित स्टेरॉइडमुळे, पाठीत इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये बुरशीचा मेंदूज्वर पसरला. साडेसातशेच्या वर लोक आजारी पडले, साठाहून अधिक मेले. ती माणसं पाठदुखीसाठी गेली होती.

आणि पुराव्याचं काय? इंग्लंडच्या 'नाइस' संस्थेनं २०१६ सालीच सांगितलं की साध्या कंबरदुखीसाठी मणक्यात इंजेक्शनं देऊ नयेत. पायात उतरणाऱ्या तीव्र, ताज्या सायटिकासाठी एपिड्युरलचा विचार करता येईल. २०२५च्या फेब्रुवारीत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मार्गदर्शिकेनं मणक्याच्या जुनाट, कॅन्सर नसलेल्या दुखण्यात या नेहमीच्या सुयांच्या विरोधात ठाम शिफारस केली. पेनच्या अनेक संघटनांनी त्यावर हरकत घेतली, आणि त्यांच्या काही मुद्द्यांत तथ्यही आहे. पेशंट नीट निवडले तर निकाल वेगळे येतात, असं त्या म्हणतात. ठीक आहे. पण पेशंट नीट निवडायला वेळ लागतो, आणि वेळेचे पैसे कुणी देत नाही.

आपल्याकडे अशी चूक घडून गेलेली आहे, फक्त तिला आपण वेगळं नाव दिलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची २०१९ साली पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे हा आकडा आला. पोटात दुखतंय, अंगावरून जातंय, अशी तक्रार घेऊन बाई गेली आणि पिशवी काढून आली. दुखण्याचं कारण शोधायला, औषधानं वाट बघायला कुणाकडे वेळ नव्हता, आणि तिच्याकडेही नव्हता, कारण एक दिवस चुकला की खाडा. दुखणं ही तक्रार, शस्त्रक्रिया हे उत्तर, मध्ये माणूस नाही. त्याच बाया हंगामाला आपल्या शिवारात येतात.

त्यांतली एक मला आठवते. दोन हंगामांपूर्वी एका नर्सिंग होमच्या व्हरांड्यात बसली होती. मी केस संपवून निघालो होतो. साडीच्या दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत एक्सरे, एमआरआय आणि चार फाइली. मला डॉक्टर समजून तिनं पिशवी पुढे केली. मी खरंच डॉक्टर होतो, पण तिचा नव्हतो. तरी बसलो. कुठल्याशा शहरात तिला 'तीन सुया' सांगितल्या होत्या. पहिली झाली होती, मुकादमाकडून उचल घेऊन. पंधरा दिवस बरं वाटलं, मग होतं तसंच. गर्भाशय आधीच काढलेलं. मी पाय उचलून बघितला, बोटांची ताकद बघितली, नसेवर दाब असल्याची एकही खूण नव्हती. "मोळी कशी उचलता?" विचारलं तर उठून दाखवलं तिनं, कंबरेतून वाकून, हिसक्यानं, मान तिरकी करून. पहाटे चारला उठणं, रात्री पाल्यावर झोपणं. मग तिनं मला विचारलं, "सायब, दुसरी सुई घेतली तर औंदाचा हंगाम निघंल का?"

तिच्या पिशवीत चार डॉक्टरांचे कागद होते. मोळी कशी उचलता, हे त्यांपैकी एकावरही लिहिलेलं नव्हतं.

जयसिंगपुरात दरवर्षी ऊस परिषद भरते. टनाला किती, पहिली उचल किती, यावर मैदान दणाणतं. ती लढाई खरी आहे. ऊस तोडणाऱ्या मणक्याचा विषय मात्र मी तिथं ऐकलेला नाही. साखर कारखान्यांनी हंगामात एखादा फिजिओथेरपिस्ट फडावर फिरवला तर किती सुया वाचतील, याचा हिशोब कुणीतरी करायला हवा.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती एका उलट्या गोष्टीची. जिथं औषधाची खरी गरज आहे, तिथं हे नवे डॉक्टर पोचणारच नाहीत. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटला मॉर्फिनची स्वस्त गोळी लागते. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ती मिळणं महामुश्कील झालं होतं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, मॉर्फिनसह सहा औषधं अत्यावश्यक ठरवून त्यांचे नियम देशभर एकसारखे केले गेले. मान्यताप्राप्त संस्था झाली की एक प्रशिक्षित डॉक्टर ती देऊ शकतो. केरळनं तर त्याच्या कितीतरी आधीच गावोगाव उपशामक सेवा उभी केली होती. आमच्याकडे अजूनही मुलगा आईला घरी आणतो आणि ती ओरडत जाते. त्या घरी जाणाऱ्या डॉक्टरला कोण पैसे देणार? मॉर्फिनच्या गोळीत कुणाचाच कट नसतो. दुसरीकडे टॅपेंटाडॉलसारखी औषधं कॅरिसोप्रोडॉलबरोबर मिसळून आपल्याच राज्यातल्या कारखान्यातून पश्चिम आफ्रिकेला जात होती. बातमी जगभर झाल्यावर, २०२५च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं त्या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात थांबवली. नको तिथं औषधाचा पूर, हवं तिथं कोरड.

म्हणून मी त्या पोराला 'नको' म्हटलं नाही. मी म्हटलं, दोन दिवसांच्या कार्यशाळेवर पाटी लावू नकोस. वर्ष काढ, जिथं कॅन्सरचेही पेशंट आहेत आणि फिजिओथेरपिस्ट, मानसतज्ज्ञ शेजारच्या खोलीत बसतात, अशा ठिकाणी. परत आल्यावर पहिली दोन वर्षं मशीन घेऊ नकोस. भूल देऊन घर चालव, मी तुला कॉल देतो. आठवड्यातले दोन दिवस नुसती ओपीडी कर. सुई लागेल त्याला मिरजेत नाहीतर कोल्हापुरात, जिथं मशीन आहे, तिथं जाऊन दे. हप्ता नसलेला डॉक्टर 'गरज नाही' म्हणू शकतो. या धंद्यात ती दोन वर्षं सोन्याची आहेत.

आणि वैद्यकीय महाविद्यालयांना माझं मागणं आहे. मिरजेत १९६२ पासून शासकीय महाविद्यालय आहे, कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. तिथं पेन आणि उपशामक सेवेची पूर्ण वेळ, पगारी पदं निर्माण करा. बाँडचं वर्ष त्या पदावर काढू द्या. पगारावर बसलेला तरुण डॉक्टर प्रत्येक पेशंट वेळ देऊन नीट तपासेल, आणि त्याची सवय तिथं लागेल. सवय लागण्याचं वय तेच आहे. चाळिशीत कुणी नव्यानं ऐकायला शिकत नाही. डॉक्टर बनवायला दहा वर्षं खर्च करणाऱ्या राज्याला त्यापुढची दोन वर्षं बाजारावर सोडणं परवडत नाही.

पोरगं सगळं ऐकून घेत होतं. मध्येच म्हणालं, "सर, मग लोक म्हणतील याच्याकडे मशीनच नाही, हा कसला पेनवाला." बरोबर बोललं. इथं लोक मशीन बघून येतात. आमच्या लोकांना सलाईन चढवल्याशिवाय बरं वाटत नाही, हे मी तीस वर्षं बघतोय. पेशंटची ही समजूत डॉक्टरांनीच घडवली आणि मोडायचीही डॉक्टरांनाच आहे. त्याला वेळ लागेल, आणि त्या वेळात या पोराची ओपीडी रिकामी राहील. हे मी त्याच्यापासून लपवलं नाही.

जाताना मी त्याला कापडी बांधणीची एक लांब वही दिली, दुकानदार वापरतात तसली. म्हटलं, प्रत्येक पेशंटचं नाव, काम आणि फोन लिही. सहा महिन्यांनी स्वतः फोन कर. दुखणं दहापैकी किती, हे विचारू नकोस. त्यानं वही उघडली, पेन मागितलं, आणि माझ्यासमोरच पहिल्या पानावर रकाने आखले. नाव. गाव. काय उचलतो. किती तास उभा. शेवटच्या रकान्याला काय लिहू म्हणून थांबला. मी त्याला व्हरांड्यातल्या बाईची गोष्ट सांगितली.

त्यानं लिहिलं, 'कामावर परत गेली का?'